दोन घरांची खरूज

उन्हाळ्यात भेंडी तोडायची म्हणजे हाताला खाज ही ठरलेलीच. भेंडीला बारीक लव असते. ती बोटांच्या बेचक्यांत शिरते, मनगटावर बसते आणि घाम आला की तिथंच चिकटून राहते. म्हणून भिंगरी झोपेत कराकरा खाजवायला लागली तेव्हा तिच्या आईनं ते फारसं मनावर घेतलं नाही.

"हाताला फडकं बांध म्हटलं तर बांधत नाहीस. मग खाजव आता," ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

भिंगरीची आई म्हणजे त्या घरातली धाकटी सून. सगळे तिला धाकटीच म्हणत. थोरली जाऊ दोन उन्हाळ्यांपूर्वी तापानं गेली, तरी ही धाकटीच राहिली. थोरला दीर आपल्या मुलीला घेऊन अंगणाच्या त्या बाजूला राहायचा. ती मुलगी ठकी. ठकी आणि भिंगरी एका वयाच्या, एका वर्गातल्या, एका बाकावरच्या.

जमीन दोघा भावांची वाटून झालेली होती. विहीर मात्र एकच आणि मोटरही एकच. एक दिवस पाणी थोरल्याचं, एक दिवस धाकट्याचं. विहिरीला पाणी होतं तोवर कोणी घड्याळ बघितलं नाही. गेल्या वर्षी विहिरीनं तळ गाठला तेव्हा सगळं बिनसलं. धाकट्याच्या पाळीच्या दिवशी थोरल्यानं सकाळी मोटर चालू ठेवली, थोडीशीच, आपला वाफा पुरा होईपर्यंत. तेवढ्यात पाणी संपलं. धाकट्याची नुकती लावलेली रोपं दुपारच्या उन्हात माना टाकून पडली. तो तरातरा विहिरीवर गेला. तिथं तोडणीच्या बायका होत्या, माल न्यायला आलेला टेम्पोवाला होता. त्या सगळ्यांसमोर तो थोरल्याला म्हणाला, "तुला स्वतःच्या बायकोकडं वेळेवर बघता आलं नाही. माझी रोपं तू कशाला बघशील!"

थोरल्यानं मोटर बंद केली आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो बांधावरचे दगड वाहत होता. संध्याकाळपर्यंत अंगणाच्या मधोमध कमरेइतकी भिंत उभी राहिली. पुढच्या चार दिवसांत ती छातीला आली. तेव्हापासून भावाभावांत बोलणं नव्हतं. काही सांगायचंच झालं तर पोरींच्या तोंडून. "तुझ्या काकाला सांग, मोटरचं फाउंडेशन हललंय." "तुझ्या बापाला सांग, दिसतंय मला."

एके दिवशी भिंगरी शाळेतून भर दुपारी घरी आली. धाकटी सरीत वाकलेली होती. भेंडी एक दिवसाआड तोडावीच लागते, एखादी तोडणी चुकली की जून होते, मग ती कोणी घेत नाही. तिनं मान वर केली तर बांधावर पोरगी उभी. दप्तर पोटाशी धरलेलं.

"काय गं? सुटली शाळा?"

"नाही. मलाच सोडलं."

"काय केलंस?"

"काही नाही केलं. नर्सबाईंनी हात बघितले. म्हणाल्या, घरी जा आणि उद्या आईला घेऊन ये. ठकीलापण सोडलं."

"हाताला काय झालंय?"

भिंगरीनं हात पुढे केले नाहीत. ते दप्तरामागंच ठेवले. "खरूज म्हणाल्या. सगळ्यांनी ऐकलं."

धाकटीनं क्रेट तिथंच ठेवलं. कानांच्या पाळ्या गरम झाल्यासारखं तिला वाटलं. आजूबाजूला कोणी नव्हतं, तरी तिनं पदरानं मनगटं झाकली. कारण गेले कित्येक दिवस तिलाही खाजत होतं आणि रोज ती स्वतःला सांगत होती, भेंडी आहे, भेंडीच आहे.

शाळेचा दवाखाना म्हणजे मागच्या बाजूची एक खोली. पूर्वी तिथं खेळाचं सामान ठेवत. अजूनही माळ्यावर हवा गेलेले फुटबॉल पडलेले होते. भिंतीवर उंचीच्या खुणा होत्या, कोपऱ्यात वजनकाटा आणि खिडकीखाली हिरवी चादर घातलेली खाट. आठवड्यातून दोन दिवस लागोपाठ नर्सबाई यायच्या. बाई अंगानं भरदार, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आणि आवाज असा की बाहेरच्या रांगेतल्या पोरांनाही आतल्याचं दुखणं कळावं. धाकटी पोचली तेव्हा बाकावर दोन लहान पोरं तोंडात थर्मामीटर धरून बसली होती, मोठ्या माणसांसारखी गंभीर. बाकाच्या पार त्या टोकाला थोरला दीर बसला होता. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणंसुद्धा लावलेली. शेजारी ठकी. धाकटी या टोकाला बसली. पोरी एकमेकींकडं बघून हसल्या आणि लगेच गप्प झाल्या.

नर्सबाईंनी आधी पोरींना आत घेतलं, मग मोठ्यांना. भिंगरीचा हात हातात धरून, बोटं फाकवून, भिंगातून बघून त्या म्हणाल्या, "ही बघा. या रेघा दिसतात ना, कातडीखालून गेलेल्या? किडा आहे. डोळ्यांना दिसत नाही एवढा बारीक. घर करतो आत."

"भेंडीची खाज नव्हे?" धाकटीनं विचारलं.

"भेंडीची खाज धुतली की जाते. ही रात्री वाढते. वाढते की नाही?" आणि बोलता बोलता बाईंनी स्वतःचंच मनगट खाजवलं. मग हसल्या. "हे असं आहे बघा. दिवसभर खरूज, खरूज म्हणायचं तर माणसाला उगीचच खाजतं. तुम्ही नका घाबरू. साधा रोग आहे. औषध मी देते. पण ते एकट्या पोरीला लावून भागत नाही. घरातल्या सगळ्यांनी, गळ्यापासून तळपायापर्यंत, रात्रभर ठेवायचं. सकाळी आंघोळ. अंथरूण-पांघरूण आणि अंगावरचे कपडे उकळत्या पाण्यातून काढायचे. आठवड्यानं परत एकदा. आणि सगळ्यांनी एकाच दिवशी."

"सगळ्यांनी म्हणजे?" थोरल्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"या दोघी बहिणी ना? एका घरातल्या?"

ठकी म्हणाली, "दोन घरं आहेत. मधे भिंत आहे."

"बरं," नर्सबाई म्हणाल्या. "मग दोन्ही घरांनी एकाच दिवशी."

त्यांनी थोरल्याला हात दाखवायला सांगितलं. तो म्हणाला, मला काही नाही. बाईंनी हात तसाच पुढे धरून ठेवला. शेवटी त्यानं बटण काढलं, बाही वर सरकवली. धाकटीनं बघितलं आणि नजर वळवली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी काळवंडलेली, मधेच लाल, सोललेली.

"काय लावलंत याला?"

"ऑइल. मोटरचं. जळकं."

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. लोक लावतात."

"लोक लावतात आणि माझ्याकडं येतात," बाई म्हणाल्या, पण आवाज खाली आणून. "किती दिवस झाले?"

"थंडीपासून."

थंडीपासून हा माणूस एकटा खाजवत होता. धाकटीच्या मनात आलं, घरात बाई असती तर पहिल्या आठवड्यात कळलं असतं.

नर्सबाईंनी दोघांना औषधाच्या बाटल्या दिल्या. बाहेर पडल्यावर थोरला पुढे आणि धाकटी मागे, मधे बरंच अंतर, असे ते घरी आले.

घरी धाकट्यानं सगळं ऐकून घेतलं. तो खाटेवर पाय वर घेऊन बसला होता.

"मी लावणार नाही," तो म्हणाला. "मला काही झालेलं नाही."

"मग पोटरी कशाला खाजवताय?"

त्यानं हात काढून घेतला. "डास आहेत."

"दुपारी?"

"अगं, लावतो. पण त्याच्याबरोबर नाही. पोरगी त्याच्या पोरीमुळं भरली. त्यानं आधी स्वतःचं निस्तरावं."

"कोणाचं कोणाला लागलं ते किड्यानं सांगितलंय का? बाई म्हणाल्या, एकाच दिवशी."

"बाईंना काय जातंय म्हणायला! परवा पाण्याची पाळी आपली. परवा आपण उरकून घेऊ. त्याचं तो बघेल."

धाकटीनं वाद घातला नाही. दिवसभर वाकून कंबर मोडली होती आणि संध्याकाळचा स्वयंपाक व्हायचा होता. परवा त्यांनी उरकून घेतलं. तिनं भिंगरीला लावलं, स्वतःला लावलं. धाकट्यानं हातापायांना चोपडलं आणि, झालं, म्हणाला. पलीकडे थोरल्यानं आपल्या पाळीच्या दिवशी केलं. पोरी शाळेत गेल्या, एका बाकावर बसल्या, एकाच ओढणीखाली डोकी घालून कुजबुजल्या. भिंत घरी होती. बाकावर नव्हती.

महिना भरायच्या आत खाज परत आली, आधीपेक्षा जोरात. आता भिंगरीच्या पोटावरही पुरळ उठलं. झोपेत खाजवून खाजवून तिनं कमरेजवळ रक्त काढलं आणि धाकटीनं सकाळी तिचा फ्रॉक दोनदा धुतला.

या वेळी गोष्ट चार घरांत फिरली. नळावर शेजारीण आपल्या पोराला म्हणाली, "तिकडून ये रे, तिच्या बादलीला हात लावू नको." ती हळू बोलली होती, पण धाकटीला ऐकू जाईल इतपत. दुकानदार एरवी भिंगरीचे गाल ओढायचा, त्यानं साबणाची वडी फळीवर ठेवली आणि बोटानं पुढे सरकवली. शाळेतल्या पोरांच्या आया हेडमास्तरांकडं गेल्या. वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती. हेडमास्तर भला माणूस. त्यांनी धाकटीला बोलावून घेतलं, खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले.

"माझ्यापुढं इलाज नाही हो. पोरी बऱ्या झाल्या नाहीत तर पेपर व्हरांड्यात बसून द्यावे लागतील. मी सावलीत बाक टाकतो."

"व्हरांड्यातून सगळी शाळा जाते-येते," धाकटी म्हणाली.

"ते खरं आहे," हेडमास्तर म्हणाले आणि टेबलावरचं पेन उचलून उगीच परत ठेवलं.

भिंगरीला भिंगरी म्हणायचे ते तिच्या फिरण्यामुळं. उभ्या उभ्या गिरकी घ्यायची, बोलता बोलता गिरकी घ्यायची, एकदा तर दुधाचं भांडं हातात घेऊन घेतली होती आणि मार खाल्ला होता. आता ती ओट्यावर बसून राहायची, दोन्ही हात मांड्यांखाली घालून. कोणी आलं तरी हात काढायची नाही. त्या दिवशी धाकट्यानं शेतातून आल्यावर तिला विचारलं, "काय गं, आज गाडी बंद?" तिनं मान हलवली. तो टोपी खुंटीला अडकवून आत गेला आणि बायकोला म्हणाला, "नर्सबाई कधी येतात?"

"उद्या."

"मी येतो."

दुसऱ्या दिवशी खोलीत सगळेच होते. दोघे भाऊ, धाकटी, दोघी पोरी. नर्सबाईंनी चष्मा चढवला, एकेकाला तपासलं आणि चष्मा परत गळ्यात सोडला.

"औषध कधी लावलं तुम्ही?"

"गुरुवारी," धाकटा म्हणाला.

"तुम्ही?"

"शुक्रवारी," थोरला म्हणाला.

"आणि त्या गुरुवार-शुक्रवारच्या मधे या दोघी कुठं होत्या?"

"शाळेत," ठकी म्हणाली. "बाकावर."

नर्सबाई रागावल्या नाहीत. दमल्यासारख्या खाटेवर बसल्या. "तुमच्या घरात काय भांडण आहे ते मला माहीत नाही. मला ऐकायचंही नाही, माझी रांग बाहेर उभी आहे. पण किड्याला तुमची भिंत ठाऊक नाही हो. तो ह्या हातावरून त्या हातावर जातो. तुम्ही एका घरातून हाकललात की तो दुसऱ्यात राहतो आणि पोरी त्याला परत घेऊन येतात. तुम्हाला जमत नसेल तर पोरींना वेगळं बसवा. शाळा वेगळी करा. करणार?"

दोघी पोरींनी एकदम बापांकडं बघितलं. ठकीनं भिंगरीच्या फ्रॉकचं टोक मुठीत धरलं होतं.

थोरला भिंतीवरच्या उंचीच्या खुणांकडं बघत म्हणाला, "रविवारी पाण्याची पाळी माझी आहे."

"मग?" बाईंनी विचारलं.

"मोटर पहाटेच चालू करतो. हौद भरून ठेवतो. दोन्ही घरांना पुरेल."

धाकट्यानं घसा खाकरला. "रविवारी आमची तोडणी आहे."

धाकटी एकदम बोलली. इतका वेळ ती दाराशी उभी होती. "राहू दे तोडणी. जून होईल ती होऊ दे."

धाकटा तिच्याकडं बघत राहिला. भेंडीची तोडणी बुडवायची गोष्ट त्या घरात कोणी आजवर काढली नव्हती, ताप अंगात असतानासुद्धा.

"लाकडं लागतील," तो शेवटी म्हणाला. "पाणी उकळायला. मी फोडतो."

रविवारी सकाळी उन्हं वर यायच्या आत हौद भरला. विहिरीत उरलं ते गढूळ, पण थोरल्यानं पाइपाच्या तोंडाला कापड बांधून गाळून घेतलं होतं. भिंतीच्या टोकाला, जिथं दगड संपतात आणि गोठा सुरू होतो, तिथं तीन दगडांवर मोठं पातेलं चढलं. धाकट्यानं लाकडं फोडली. थोरल्यानं पाणी ओतलं. दोघं एकाच जाळाजवळ, पण एक लाकडं सारायला वाकला की दुसरा उभा, आणि दुसरा वाकला की पहिला तोंड फिरवून उभा.

धाकटीनं दोन्ही घरांतलं सगळं बाहेर काढलं. चादरी, उशांचे अभ्रे, गोधड्या, टॉवेल, पोरींचे फ्रॉक. थोरल्याच्या घरात ती वर्षानं पाऊल टाकत होती. घर झाडलेलं होतं. भांडी पालथी घातलेली, अंथरुणाची वळकटी नीट बांधलेली. खुंटीवर जावेची एक साडी होती, धुऊन घडी घातलेली. ती धुवायची गरज नव्हती. धाकटीनं ती तशीच राहू दिली.

दुपारपर्यंत भिंत दिसेनाशी झाली. दोन्ही बाजूंनी तिच्यावर कपडे वाळत पडले होते. धाकट्याचे सगळेच्या सगळे कपडे पाण्यात गेल्यामुळं तो खिडकीचा पडदा गुंडाळून बसला होता. पडद्यावर मोठमोठी पिवळी फुलं होती. पोरी त्याच्याकडं बघून लोळून लोळून हसल्या. धाकटा म्हणाला, "हसा. शाळेत सांगा जाऊन." तोवर पडदा सुटायला लागला म्हणून त्यानं दोन्ही हातांनी धरला. थोरला गोठ्याकडं तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. खोकतोय की काय, असं धाकटीला क्षणभर वाटलं.

संध्याकाळी आंघोळी झाल्या. मग धाकटी दोघी पोरींना घेऊन आतल्या खोलीत गेली. दार लावलं. भिंगरीला लावून झालं. ती गुदगुल्या होतात म्हणून नाचत होती, ओरडत होती. मग ठकीची पाळी आली. ठकी अंग चोरून, हात छातीशी घेऊन उभी राहिली. काकूनं मानेपासून सुरुवात केली. कानामागं, खांद्यावर, पाठीच्या कण्यावरून खाली, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली. पोरीची पाठ किती हडकुळी झाली आहे ते हाताला कळलं, डोळ्यांना एवढं कळलं नव्हतं. पायांना लावायला धाकटी खाली बसली तेव्हा ठकीनं तोल सांभाळायला तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"झालं?" धाकटीनं विचारलं.

"तळपाय राहिला," ठकी म्हणाली.

तळपाय झाला होता. तरी धाकटीनं पुन्हा लावला.

मग तिनं नवऱ्याला बोलावलं. या वेळी तिनं त्याचं काही चालू दिलं नाही. मान, काख, पाठ, कंबर, सगळं. "हळू गं," तो म्हणत राहिला. "मागच्या वेळी हळूच केलं होतं," ती म्हणाली.

तो अंगाला औषध चोपडलेला, पुन्हा पडदा गुंडाळून बाहेर आला आणि वारा घ्यायला उभा राहिला. ऊन उतरलं होतं. कपडे गोळा झाल्यामुळं भिंत पुन्हा उघडी पडली होती. पलीकडे थोरला आपल्या ओट्यावर उघड्या अंगानं बसला होता. त्यानं छाती, हात, पोट उरकलं होतं. आता एका काठीच्या टोकाला चिंधी बांधून, ती बाटलीत बुडवून तो खांद्यावरून मागं नेत होता. काठी एकदा मानेला लागली, एकदा ओट्याला. औषध सांडलं. त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली आणि कमरेच्या बाजूनं वर नेऊन बघितली. पाठीचा मधला भाग, जिथं कातडी सगळ्यात वाईट झाली होती, तिथं काही पोचत नव्हतं.

धाकटा बराच वेळ बघत राहिला. मग गोठ्याच्या बाजूनं वळसा घालून पलीकडे गेला. धाकटी दारात आली होती. ती तिथंच थांबली.

"सरक," धाकटा म्हणाला.

थोरल्यानं वर बघितलं. "कशाला?"

"पाठ."

"करतो मी."

"काय करतोस? निम्मं ओट्याला लागलं." त्यानं काठी काढून घेतली, बाजूला ठेवली, बाटली तळहातावर उपडी केली. थोरला जरा पुढे सरकून बसला आणि मान खाली घातली.

धाकट्याचा हात पहिल्यांदा टेकला तेव्हा पाठ शहारली. "झोंबतं?"

"झोंबतं. लाव."

तो लावत राहिला. खांद्यांच्या मधे जखमा होत्या, काही जुन्या, काही ओल्या. दाराच्या चौकटीला घासून खाजवलेल्या असणार. एका लयीत हात वरून खाली, वरून खाली जात होता. बाटलीतलं औषध खळखळत होतं.

"विहिरीवर मी बोललो ते," धाकटा म्हणाला आणि थांबला. "वहिनीचं."

थोरल्याची मान खालीच होती.

"बोलायला नको होतं. लोकांसमोर तर नकोच."

"लोकांचं काय," थोरला म्हणाला. "त्या दिवशी ती सकाळी म्हणाली होती, अंगात कणकण आहे, चला जाऊन येऊ. मी म्हटलं, वाफा भरतो आणि जाऊ. वाफा भरेपर्यंत दुपार झाली. मग ती म्हणाली, आता उन्हाचं नको, संध्याकाळी जाऊ." तो ओट्याच्या कडेला बोटानं रेघ ओढत होता. "तू बोललास ते खोटं असतं तर मी तुला तिथंच लोळवला असता. भिंत कशाला घातली असती?"

धाकट्याचा हात थांबला. डॉक्टर म्हणाले होते, ताप मेंदूत गेला होता, सकाळी आणली असती तरी वाचली असती असं सांगता आलं नसतं. हे तेव्हा त्यानंच ऐकलं होतं, कारण थोरला बाहेर बसला होता. दोन वर्षांत त्यानं ते भावाला कधी सांगितलं नव्हतं. आधी दुःखात राहिलं, मग रागात.

"डॉक्टर मला म्हणाले होते," तो म्हणाला, "सकाळी आणली असती तरी काही सांगता आलं नसतं. मला म्हणाले. तू बाहेर होतास."

थोरल्यानं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. "खरं?"

"पोरीची शपथ."

थोरला परत समोर बघायला लागला. त्याची पाठ एकदा खोल फुगली आणि खाली बसली. "खाली लाव," तो म्हणाला. "कमरेजवळ राहिलंय."

धाकट्यानं तळहातावर परत औषध घेतलं. दारात उभ्या धाकटीनं भिंगरीला खांद्याला धरून आत नेलं. पोरगी मधे मधे डोकावत होती.

सोमवारी सकाळी सगळ्यांनी औषध धुऊन टाकलं आणि पोरींना धुतलेले फ्रॉक घालून धाकटी शाळेत घेऊन गेली. नर्सबाई मुद्दाम एक चक्कर टाकून गेल्या. त्यांनी दोघींचे हात बघितले, घरात कोणी काय केलं ते विचारलं, आणि हेडमास्तरांना म्हणाल्या, "बसू द्या वर्गात. माझ्या जबाबदारीवर." मग धाकटीला म्हणाल्या, "एक सांगून ठेवते. खाज लगेच जाणार नाही. किडा मेला तरी कातडीला कळायला वेळ लागतो. पुढचे काही आठवडे खाजेल. घाबरून परत ऑइल लावू नका कोणी. पुढच्या रविवारी दुसरा हात, तोही सगळ्यांनी मिळून."

"मिळूनच," धाकटी म्हणाली.

पोरी वर्गात गेल्या. बाकाच्या दुसऱ्या टोकाची मुलगी थोडी सरकली, पण उठली नाही. धाकटी खिडकीतून तेवढं बघून निघाली.

दुपारी ती आणि नवरा भेंडीत उतरले. रविवारची तोडणी बुडाल्यामुळं ओळीच्या ओळी लांबलचक झाल्या होत्या, बोटानं मोडून बघितली तर दोर निघत होते. कोवळी एकीकडं, जून दुसरीकडं, असं वेगळं करत जायचं म्हणजे दुप्पट काम. या वेळी धाकटीनं दोन्ही हातांना जुने पायमोजे चढवले होते. नवऱ्यालाही चढवायला लावले होते. वाकून वाकून मानेवर घामाच्या धारा लागल्या. अर्धं शेतही झालं नव्हतं आणि उन्हं कलायला लागली होती.

बांधावरून क्रेट आपटल्याचा आवाज आला. धाकटीनं मान वर केली. थोरला होता. बाह्या वर केलेल्या, मनगटांना फडकी बांधलेली. तो पलीकडच्या टोकाला गेला, ओळीत वाकला आणि तोडायला लागला.

धाकट्यानंही बघितलं. त्याचे हात जरा वेगानं चालायला लागले.

दोन्ही बाजूंनी ओळ सरत गेली. मधे येईपर्यंत उजेड मंद झाला होता. दोघं भाऊ एकमेकांसमोर आले तेव्हा मधे दोनतीनच झाडं उरली होती. थोरल्यानं एक लांब भेंडी तोडली, मोडून बघितली आणि फेकून दिली.

"बरीच जून झाली," तो म्हणाला.

"काल वेळ कुठं होता," धाकटा म्हणाला.

थोरल्यानं कंबरेवर हात ठेवून पाठ ताठ केली, उरलेल्या ओळींकडं नजर टाकली. मग मनगटावरचं फडकं सोडत म्हणाला, "राहिलेली उद्या सकाळी लवकर काढू."

धाकटी क्रेट उचलत होती. 'काढा' म्हणाला नाही, 'काढू' म्हणाला. तिनं क्रेट परत खाली ठेवलं आणि एका बाजूला तिनं, दुसऱ्या बाजूला नवऱ्यानं धरून ते बांधाकडं निघाले. मागून थोरला दुसरं क्रेट खांद्यावर घेऊन येत होता.